सोमवारचं पाव लिटर

३ फेब्रुवारी, सोमवार

चौकाच्या मधोमध बंद पडली! सिग्नल हिरवा, मागे वीसेक गाड्यांची रांग, मागच्या सीटवर अप्पा, आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचे लोट. एक स्कूटरवाला काचेपाशी वाकून म्हणाला, "मावशी, डास मारायला निघालात का?" राग यायच्या ऐवजी मला हसू आलं. मग हसल्याचाच राग आला.

निघायच्या आधी सोमवारचं पाव लिटर तेल घातलं होतं. सगळं रीतसर केलं होतं. पोलिसाने आणि आणखी दोघांनी ढकलून गाडी कडेला लावून दिली. प्लग काढून बघितला तर तेलाने माखलेला, काळाकुट्ट. रुमालाने पुसून परत बसवला, तेव्हा कुठे खोकत खोकत चालू झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ टळली ती टळलीच.

तीन आठवड्यांच्या तापातून उठल्यावर अप्पांची ही पहिलीच बाहेरची खेप. घराजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "आज तेल घातलंस?"

म्हटलं, "हो, सकाळीच."

"आणि काल?"

"काल रविवार होता, अप्पा."

ताप उतरला, पण वारांचा घोळ अजून उतरलेला दिसत नाही.

४ फेब्रुवारी

कालच्या गडबडीत सोमवारचं तेल राहूनच गेलं. आज घातलं.

५ फेब्रुवारी

मिस्त्री येऊन गेला. तीस वर्षं आमच्या गाडीचं हाच बघतो. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मला अजून 'बाई' म्हणतो, आणि मीही त्याला अजून परीक्षेला बसवल्यासारखे प्रश्न विचारते. त्याने इंजिन चालू करून घेतलं, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा कागद धरला. कागदावर तेलाचे ठिपके. म्हणाला, तेल जळतंय. बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेल्या. दोन वाटा आहेत. इंजिन उघडून आतलं सगळं नवं घालायचं, पण या गाडीचे भाग मिळता मिळत नाहीत, महिना जाईल की तीन जातील सांगता येत नाही. नाहीतर हे इंजिनच काढायचं आणि अलीकडच्या एखाद्या गाडीचं बसवायचं.

महिनाअखेरीस, २८ तारखेला, धुराची सरकारी तपासणी आहे. तिथे नापास झाली की गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. आणि गाडी नसेल तर अप्पांचं बाहेर पडणं संपलं. हल्लीच्या गाड्यांमध्ये त्यांना खाली वाकून बसता येत नाही, गुडघे साथ देत नाहीत. या गाडीची सीट खुर्चीच्या उंचीची आहे. दार उघडायचं, टेकायचं, वळायचं. बस्स. डॉक्टर, वाचनालय, आईच्या नावाचा बाकडा आहे ती बाग, सगळं या एका सीटवर अवलंबून आहे.

गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. म्हणून अप्पा तिला 'थोरली' म्हणतात. मी मधली, भाऊ धाकटा. आई तिला सवत म्हणायची. 'तुमच्या सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या' असं अप्पांनाच म्हणायची. ते चुकीचं आहे, सवत तिची, त्यांची नव्हे, हे मी शाळेत असताना तिला समजावून सांगितलं होतं. तिने माझ्याकडे बघून फक्त पदर खोचला.

८ फेब्रुवारी, शनिवार

धाकटा आला. फोनवर इंजिनाचे फोटो घेऊनच आला! एका अपघातात मागून चेपलेल्या गाडीचं आहे म्हणे, पुढचा भाग जसाच्या तसा. पाच गिअर, कार्बोरेटरची कटकट नाही, सकाळी चोक ओढत बसायला नको. इंजिनाचे पाय बसायला पुढची पट्टी थोडी कापावी लागेल, रेडिएटर बदलेल, कागदपत्रांवर इंजिनाचा नंबर बदलून घ्यावा लागेल. सगळं तो बघणार.

"ताई, बाहेरून थोरली थोरलीच राहील. आतून फक्त तरुण होईल."

अप्पांनी फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघितले. डाव्या डोळ्याने आता त्यांना नुसती उजेड-सावली कळते. मग म्हणाले, "आवाज जाईल." धाकटा म्हणाला, धूरही जाईल की. अप्पा म्हणाले, "धुराचं कारण आधी शोधावं."

धाकट्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला त्याचंही पटत होतं आणि अप्पांचंही. असं दोन्हीकडून पटलं की मला चहा टाकायला उठावं लागतं.

जाताना फाटकापाशी धाकटा हळूच म्हणाला, अप्पा जरा विसरायला लागलेत, तुझ्या लक्षात आलंय ना? मी उगाच त्याला झाडलं. आलंय लक्षात. पण माझ्या लक्षात येणं वेगळं आणि त्याने बोलून दाखवणं वेगळं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तेल घातलं. डबा संपला. दुकानात नवा घ्यायला गेले तर दुकानदार म्हणतो, "आठ दिवसांपूर्वीच नेलात की." म्हटलं, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. डबा दीड महिना पुरतो. माझा हिशोब पक्का आहे!

हा हिशोब मीच बसवला. अप्पांची पद्धत म्हणजे रोज सकाळी तेलाची पट्टी ओढून काढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची, परत काढायची, खुणा बघायच्या आणि मग गाडीतल्या वहीत नोंद करायची. 'आधी थोरलीला विचारायचं, मग किल्ली लावायची.' बारीकसारीक सगळं त्या वहीत. त्यांची नजर अधू झाली आणि गाडी माझ्याकडे आली, तेव्हा मी दोन महिने मोजून बघितलं. आठवड्याला पाव लिटर पिते, ना कमी ना जास्त. मग रोज पट्टी कशाला काढायची? सोमवारी पाव लिटर ओतायचं, काम झालं. वहीसुद्धा बंद केली. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, सव्वादोनशे पोरांची नावं हजेरी न उघडता घ्यायची. पाव लिटर तेल लक्षात ठेवायला मला वही लागत नाही.

वही बंद केल्याचं अप्पांना फार लागलं होतं. त्या आठवड्यात दोनदा विचारलं, पेन संपलंय का म्हणून.

१२ फेब्रुवारी

बाजारातून आले तर घरात गॅसचा वास! शेगडीचं बटण पूर्ण उघडं, ज्योत नाही. अप्पा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेले. सगळ्या खिडक्या उघडल्या, त्यांना हाताला धरून अंगणात आणलं. चहा करायला गेला होता का, विचारलं. म्हणाले, "नाही. तू जाताना दूध तापवत होतीस."

दूध मी उतरवून ठेवलं होतं. बंद केल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही.

त्यांना पाणी आणून दिलं, विषय वाढवला नाही. पण मनात धाकट्याचं वाक्य घोळत राहिलं. एकटं सोडायचं नाही, एवढं आजपासून ठरलं.

१३ फेब्रुवारी

माझा चष्मा फ्रिजमध्ये! लिंबांच्या शेजारी. अप्पांना आवराआवर करायची हौस आहे, पण हे जरा अतीच झालं. त्यांना दाखवला तर हसले. मग एकदम हसायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी विषय बदलला. त्यांना ओशाळवाणं वाटायला नको.

१५ फेब्रुवारी

अप्पांच्या खणात रुमाल ठेवायला गेले. रुमालांच्या खाली एक मोठी सिरिंज, सुई नसलेली, आणि हातभर बारीक पिवळी नळी. दोन्ही तेलकट. शेजारी काचेची बाटली, तळाशी इंजिनाचं तेल!

पलंगावर बसून राहिले बराच वेळ. म्हणजे मी घालते ते घालतेच, आणि वर हे गुपचूप सिरिंजने भरतात? गेल्या महिन्यात त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर काळा डाग होता, तो तीनदा घासूनही निघाला नाही. तेव्हा विचारलं तर म्हणाले होते, फाटकाच्या कडीला तेल दिलं.

सगळं जागच्या जागी ठेवलं. कुणाला सांगायचं? धाकट्याला सांगितलं की तो लगेच निर्णय घेऊन मोकळा होईल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हो म्हणून टाकलं. धाकट्याने तीनदा फोन केला, त्या इंजिनावर दुसऱ्याचाही डोळा आहे म्हणे. परवा मिस्त्री गाडी नेईल, जुनं इंजिन काढेल.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते पेपरवरून भिंग फिरवत होते. भिंग थांबलं. म्हणाले, "मिस्त्रीला म्हणावं, काढायच्या आधी एकदा मोजून बघ." मी हो म्हटलं. ते उठले, भिंतीला धरत धरत गॅरेजपर्यंत गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं काहीतरी म्हणतील. त्यांनी नुसती धूळ पुसली.

मला रडू आलं. एका इंजिनासाठी! पण आलं हे खरं.

तेल घातलं. शेवटचं, या इंजिनाला.

१९ फेब्रुवारी

मिस्त्रीच्या गॅरेजात दुपारपर्यंत होते. एका बाजूला उघडी ट्यूबलाइट, भिंतीवर पान्यांच्या आकाराच्या काळ्या रेघा, जिथला पाना तिथेच लागावा म्हणून. साखळीचा कप्पी-दोर थोरलीच्या डोक्यावर टांगून तयार होता. मी म्हटलं, वडिलांचा आग्रह आहे, आधी मोजा.

त्याने चारही प्लग काढून एकेका सिलिंडरचं प्रेशर मोजलं. पहिल्याचा आकडा दोनदा बघितला. दुसऱ्याला चष्मा पुसला. चौथ्यानंतर माझ्याकडे वळला.

"बाई, इंजिन ठणठणीत आहे. रिंगाबिंगा काही गेलेल्या नाहीत."

मग तेलाची पट्टी ओढली आणि कपाळाला हात लावला. वरच्या खुणेच्याही कितीतरी वर तेल! खालचा बोल्ट सोडून सगळं तेल काढलं, मापात ओतलं. पाहिजे त्याहून जवळजवळ दोन लिटर जास्त. म्हणाला, जास्तीचं तेल वर चढून जळत होतं, धूर त्याचाच. पट्टी बघितली नाही ही माझीसुद्धा चूक, पण तुमच्या घरची गाडी म्हटल्यावर मी तेल बघेन कशाला? "कुणीतरी ओततंय, बाई. एकदा नाही, सारखं."

त्याने नवं तेल अगदी वरच्या खुणेला टेकेल इतकं भरलं आणि मला बोलावून पट्टी दाखवली. म्हणाला, आता तपासणीपर्यंत थेंबसुद्धा घालायचा नाही. एक बंद डबा दिला, तोही न उघडण्यासाठी! गाडी चालू केली. धूर नाही. तो जुना, संथ, लाकडी जिन्यावरून कुणी सावकाश उतरावं तसा आवाज.

आनंद व्हायला हवा होता. सबंध रस्ता 'कुणीतरी ओततंय' हेच घोळवत आले.

२० फेब्रुवारी

विचारलं. नळी, सिरिंज आणि बाटली टेबलावर ठेवून सरळ विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण चढलाच. म्हटलं, अप्पा, दोन लिटर! इंजिन काढून फेकत होतो आपण! गॅस, चष्मा, आता हे. उद्या घराला आग लागली तर?

ते वस्तूंकडे बघत होते. मग माझ्याकडे पुष्कळ वेळ बघितलं, आजारी माणसाकडे बघावं तसं. मला त्या बघण्याचा राग आला.

"हो," म्हणाले. "मीच घातलं असेन."

एवढंच. वाद नाही, कारण नाही. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. मी गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. ते खिडकीतून बघत होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

धाकटा त्यांना घेऊन गेला. आधी पंधरा दिवस, मग बघू, असं म्हणाला. 'मग बघू' म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही कळलं. धाकट्याच्या घरी पायऱ्या नाहीत, त्याची बायको दिवसभर घरात असते, सगळं सोयीचं आहे. चुकीचं काहीच नाही.

धाकट्याच्या त्या ठेंगण्या गाडीत बसताना अप्पांचं डोकं दाराच्या चौकटीला आपटलं. मी कळवळले, ते नाही. गाडी निघायच्या आधी मला खूण करून जवळ बोलावलं आणि कोटाच्या खिशातून गाडीची वही काढून हातात दिली. म्हणाले, "मधले, ही वाच. आणि गॅस बघत जा."

मला सांगतात गॅस बघत जा! हसावं की रडावं कळेना. वही गाडीच्या खणात टाकून दिली. साठ वर्षांची तेला-पाण्याची जंत्री वाचायची ताकद आज नव्हती.

२३ फेब्रुवारी

घर खायला उठलंय. सकाळी दोन कप चहा केला. एक ओतून दिला.

नोकरी सुटून आठ महिने झाले. अप्पा होते म्हणून दिवसाला आकार होता. औषधाची वेळ, रेडिओची वेळ, फिरवून आणायची वेळ. आता मंगळवार काय आणि गुरुवार काय, सगळे सारखेच. त्यांना पाठवलं ते त्यांच्याच भल्यासाठी, हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगते. बरोबर असलेली गोष्ट इतक्या वेळा सांगावी लागते का?

२४ फेब्रुवारी, सोमवार

गॅरेजात जाऊन आले. सगळं ठीक.

२६ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. ते इंजिन अजून आहे म्हणे, दुसऱ्याने नाकारलं. आता अप्पा मध्ये नाहीत तर बदलूनच टाकू, जुन्याचा काय भरवसा. म्हटलं, अरे, मिस्त्री म्हणाला ठणठणीत आहे. तो म्हणाला, ताई, आज आहे. पाच वर्षांनी? आणि अप्पांना आता कुठे आवाज ओळखायचाय!

अप्पा कसे आहेत विचारलं. म्हणाला, नीट आहेत, गंमत म्हणजे इथे काहीच विसरत नाहीत. नातीला पाढे शिकवतात. रोज एकच विचारतात, ताई जेवली का, ताईने दार लावलं का. मी म्हटलं, जागा बदलली की माणूस काही दिवस सावध असतो. मलाच माझं ते पटलं नाही.

शेवटी म्हटलं, तपासणी होऊ दे, मग काढ बाबा इंजिन. नाही म्हणायला जीवच उरला नव्हता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या तपासणी. म्हणून पट्टी ओढली.

तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. दोन बोटं. मिस्त्रीने दिलेल्या डब्याचं सील तुटलेलं, डबा अर्धा. गाडी आठ दिवस जागची हललेली नाही. अप्पा पाच दिवस इथे नाहीत. कुलूप शाबूत, किल्ली माझ्या गळ्यात.

खणातली वही उघडली. अप्पांची मोठी, वाकडी अक्षरं.

'६ जानेवारी. मधलीने आज तीनदा तेल घातले. नळीने अर्धा लिटर काढले.'

'९ जानेवारी. पुन्हा घातले. वार विसरते आहे. काढले.'

मग तापाचे दिवस, कोरी पानं. आणि शेवटी: '२० फेब्रुवारी. मीच घातले असे सांगितले. तोंडावर सांगवेना. लिहून देतो, तिची ती वाचेल.'

धाकट्याला फोन केला. म्हटलं, इंजिन नको, अप्पांना घेऊन ये. मग वहीत त्यांच्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिलं: तेल मी घातले. आठवत नाही.